वयात येणे आणि ऐकून घेणे : ‘बार मित्झ्वा बॉय’ हे दूरचित्रवाणी-नाटक आणि मराठी बेने इस्रायली परंपरा

दूरचित्रवाणीसाठी लिहिल्या गेलेल्या नाटकाचा विचार मराठी समीक्षेत अपवादानेच झालेला आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढल्या दोन दशकांत नाटक हा मराठी घराघरांत पाहिला जाणारा प्रकार झाला. परंतु रंगमंचावरील नाटक पडद्यावर दाखविणे आणि पडद्यासाठीच नाटक लिहिणे या दोन गोष्टींतील भेद आपल्या अभ्यासक्रमांनी पुरेसा ध्यानात घेतला नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका दूरचित्रवाणी-नाटकाचा विचार करावयाचा आहे. जॅक रोझेंथल यांचे ‘बार मित्झ्वा बॉय’ हे इंग्रजी नाटक बीबीसीने १४ सप्टेंबर १९७६ रोजी ‘प्ले फॉर टुडे’ या मालिकेत प्रथम दाखविले. तेरा वर्षे पूर्ण करून धर्मदृष्ट्या ‘पुरुष’ होऊ घातलेल्या एका ज्यू मुलाची ती गोष्ट आहे.

हे नाटक खानदेशातील मराठीच्या विद्यार्थ्याने का वाचावे, असा प्रश्न सहज उपस्थित होईल. त्याचे एक उत्तर असे की, ज्यू समाज मराठी भाषेला परका नाही. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायली मराठी बोलत आले, मराठीत लिहीत आले आणि आपल्या धर्मकथा मराठी कीर्तनातून ऐकत आले. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. या नाटकाने उभा केलेला प्रश्न केवळ ज्यूंचा नाही. मुलाने पाठ केलेले शब्द मोठ्यांसमोर म्हणून दाखवायचे आणि त्या बदल्यात मोठ्यांनी त्याला आपल्यात घ्यायचे, असा व्यवहार प्रत्येक समाजात कोणत्या ना कोणत्या स्वरूपात असतो. त्या व्यवहारात म्हणणाऱ्याची परीक्षा होते हे सर्वांना ठाऊक असते. ऐकणाऱ्याचीही होते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. रोझेंथल यांच्या नाटकाचे मर्म या दुसऱ्या परीक्षेत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

(१)

रोझेंथल यांचा जन्म १९३१ मध्ये मँचेस्टर येथील एका ज्यू कुटुंबात झाला. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या दीर्घकाळ चाललेल्या मालिकेचे भाग लिहिताना त्यांची लेखणी घडली. सामान्य माणसांचे सामान्य बोलणे, त्यातील पुनरुक्ती, अर्धवट सोडलेली वाक्ये आणि एकमेकांचे न ऐकता चाललेले संभाषण ही त्यांची सामग्री त्या काळातली आहे. १९७५ मधील ‘द इव्हॅक्युईज’ या नाटकात महायुद्धाच्या काळात घरापासून दूर पाठविल्या गेलेल्या दोन ज्यू भावंडांची कथा त्यांनी सांगितली होती. त्यानंतरच्याच वर्षी ‘बार मित्झ्वा बॉय’ आले. मायकेल टुकनर यांनी ते दिग्दर्शित केले आणि त्यास उत्कृष्ट नाटकाचा ‘बाफ्टा’ पुरस्कार लाभला.

‘बार मित्झ्वा’ या शब्दांचा अर्थ ‘आज्ञेचा पुत्र’, म्हणजे धर्माज्ञा पाळण्यास बांधला गेलेला. मुलगा तेरा वर्षांचा झाला की शनिवारच्या प्रार्थनेत त्याला तोरासमोर बोलावण्यात येते. आधी कित्येक महिने शिकलेला हिब्रू पाठ तो ठरलेल्या सुरात म्हणतो. त्यानंतर ‘मिन्यान’मध्ये, म्हणजे सामूहिक प्रार्थनेस आवश्यक असणाऱ्या दहा पुरुषांच्या संख्येत, त्याची गणना होऊ लागते. या प्रसंगी पित्यानेही एक छोटे आशीर्वचन म्हणावयाचे असते. मुलाच्या कृत्यांच्या दायित्वातून आपण आता मुक्त झालो, असा त्याचा आशय असतो. एकाच क्षणी मुलगा बांधला जातो आणि बाप सुटतो. नाटकाकडे वळण्यापूर्वी ही गोष्ट नीट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

आपल्याकडील मुंजीशी या विधीची तुलना हटकून केली जाते. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु एक भेद मूलभूत आहे. मुंजीत पिता किंवा आचार्य गायत्री मंत्राचा उपदेश करतो आणि बटू तो ऐकतो. शब्द मोठ्यांकडून लहानाकडे जातो, तोही जवळजवळ गुप्तपणे. बार मित्झ्वामध्ये शब्दाची दिशा उलटी आहे. लहान मुलगा उच्च स्वरात म्हणतो आणि संपूर्ण सभा ऐकते. शिवाय मुंज हा मोजक्या जातींचा संस्कार होय. आपल्या महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या घरी ती कधी झालीच नाही. त्यांचा वयात येण्याचा विधी पाहावयाचा तर तो दहावीच्या निकालात, पहिल्या मजुरीत किंवा बापाच्या गैरहजेरीत केलेल्या पहिल्या पेरणीत पाहावा लागेल. वर्गात तुलना करताना मुंज हेच एकमेव प्रमाण धरण्याची सवय शिक्षकांनी टाळलेली बरी.

(२)

नाटकाचे कथानक अगदी थोडे आहे. उत्तर लंडनमधील एका सामान्य कुटुंबातला मुलगा एलियट ग्रीन. वडील व्हिक्टर टॅक्सी चालवितात. आई रीटा समारंभाच्या तयारीत बुडून गेली आहे. पाहुण्यांच्या याद्या, जेवणाची व्यवस्था, कोणाला कोणाशेजारी बसवावयाचे, स्वतःची केशरचना, हे सारे तिच्या मनावर स्वार आहे. थोरली बहीण लेस्ली, तिचा भावी वर मानला जाणारा हॅरल्ड आणि आजोबा ही उरलेली माणसे. शनिवारी सकाळी सर्वजण सिनेगॉगमध्ये जमतात. एलियटचे नाव पुकारले जाते. तो तोरापाशी जातो आणि पाठ म्हणावयाच्या ऐन क्षणी सर्वांदेखत बाहेर निघून जातो.

सर्वप्रथम जो तर्क मनात येतो तो नाटककाराने आधीच निरुपयोगी करून ठेवला आहे. एलियटला पाठ येत नाही असे नाही. तो उत्तम येतो. त्याला भीती वाटली असेही नाही. श्रद्धा उडाली म्हणून तो गेला, असेही म्हणता येणार नाही. लेस्ली त्याला मुलांच्या खेळाच्या मैदानात शोधून काढते, तेव्हा त्याचे म्हणणे बाहेर येते. आपण पुरुष होणार असे सगळे सांगतात. पण घरातले पुरुष तर हे असे आहेत. आजोबांना आपल्यापलीकडे कोणी दिसत नाही, बापाला आईच्या मनात काय चालले आहे याची दखल नाही, आणि हॅरल्ड सगळ्यांना बरे वाटावे यासाठी इतका झटतो की त्याला स्वतःचे असे काही उरलेलेच नाही. हे जर पुरुष असतील, तर आपल्याला पुरुष होता येणार नाही, अशी त्याची तक्रार आहे.

तेरा वर्षांच्या मुलाचा हा निवाडा कठोर आहे आणि काही अंशी अन्यायकारकही आहे. रोझेंथल यांचे सामर्थ्य असे की तो अन्याय त्यांना दिसतो. व्हिक्टर हा दिवसभर टॅक्सी चालवून दमणारा, खर्चाच्या आकड्यांनी धास्तावलेला माणूस आहे; त्याला वाईट म्हणता येत नाही. रीटाची धांदल हास्यास्पद वाटते, पण घराची प्रतिष्ठा एका रात्रीच्या मेजवानीवर टांगलेली आहे असे तिला का वाटते हेही कळते. लग्नकार्य काढलेल्या कोणत्याही मराठी घरात ती आपल्याला भेटली आहे. मानपानाच्या याद्या करताना नवऱ्या मुलाला कोणी विचारीत नाही, हे दृश्य ओळखीचे नाही असा खानदेशी वाचक विरळा. या माणसांत दुष्ट कोणीच नाही. फक्त कोणी कोणाचे ऐकत नाही. संवादांची रचनाच तशी आहे. एकजण जेवणाच्या बेताविषयी बोलतो, दुसरा रहदारीविषयी, तिसरा प्रकृतीविषयी. प्रश्न पडतो आणि त्याला भलत्याच विषयाचे उत्तर मिळते. प्रेक्षक हसतो. हे हसू कशावरचे होते ते सिनेगॉगच्या प्रसंगात कळते. जे आठवडाभर मुलाचे एकही वाक्य ऐकून घेत नाहीत, तेच आता त्याला अधिकृतपणे ऐकण्यासाठी जमले आहेत. तो बाहेर पडतो तो पाठावरील अविश्वासामुळे नव्हे, श्रोत्यांवरील अविश्वासामुळे.

मैदानातील प्रसंगाकडे म्हणूनच बारकाईने पाहिले पाहिजे. तेथे एलियट तोच पाठ लेस्लीसमोर म्हणून दाखवितो. तेथे वेदी नाही, तोरा नाही, दहा पुरुष नाहीत. ऐकणारी एकटी बहीण आहे. सनातनी सिनेगॉगमध्ये स्त्रिया वेगळ्या बसतात आणि मिन्यानमध्ये त्यांची गणना होत नाही. सकाळी तिची जागा त्या मोजदादीच्या बाहेरच होती. ज्यांना मोजले जाते त्यांच्यासमोर मुलाला तोंड उघडवत नाही, आणि जिला मोजले जात नाही तिच्यासमोर तो अथपासून इतिपर्यंत सर्व म्हणतो. स्त्रीमुक्तीची भाषा न वापरता, केवळ प्रसंगाच्या मांडणीतून केलेले हे विधान आहे. १९७६ मधील इंग्रजी दूरचित्रवाणीवर ते किती जणांनी टिपले असेल ते असो. आज वर्गात हे नाटक शिकविताना प्रथम येथेच थांबावे लागेल.

घरी हे सर्व कळल्यावर रब्बी निर्णय देतात की मुलाचा बार मित्झ्वा झाला. त्याने आपला पाठ म्हटला आहे, ईश्वराने तो ऐकला आहे. या निर्णयावर सोयीस्कर तडजोडीचा आक्षेप घेता येईल. विनोदी नाटकाला गोड शेवट लागतो, मेजवानीही वाया जाता कामा नये, म्हणून नाटककाराने रब्बीच्या तोंडी सुटका घातली असे कोणी म्हणेल. हा आक्षेप काही प्रमाणात खरा आहे. मात्र त्यातील एक गोष्ट नजरेआड होऊ नये. मुलाने पाठ म्हटला याला साक्ष एकच आहे, ती लेस्लीची. तीच मान्य करून धर्माचा अधिकृत प्रतिनिधी विधी पुरा झाल्याचे जाहीर करतो. सकाळी मोजदादीबाहेर असलेल्या मुलीचे ऐकणे संध्याकाळी धर्मकार्यास पुरेसे ठरते.

हे सर्व छोट्या पडद्याला कसे मानवते तेही पाहिले पाहिजे. सिनेगॉगमधून बाहेर जाणारा मुलगा रंगमंचावर दाखवायचा तर ते एक मोठे नाट्यमय निर्गमन होईल. पडद्यावर मात्र चेहरे जवळून दिसतात. मुलाचा चेहरा, मग बापाचा, मग आईचा. कोणी काही बोलत नाही आणि तरी सर्व कळते. १९७८ मध्ये या नाटकाचे संगीतनाट्यात रूपांतर झाले. ज्यूल स्टाइन यांच्यासारख्या ख्यातनाम संगीतकाराचे संगीत आणि डॉन ब्लॅक यांची गीते असूनही लंडनमध्ये ते फार काळ चालले नाही. एका मुलाच्या न बोलण्यावर उभ्या असलेल्या कथेला गाणी घातल्यावर दुसरे काय व्हायचे, असे म्हणावेसे वाटते.

(३)

आता बेने इस्रायली परंपरेकडे वळू. अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालत आला, अशी या समाजाची धारणा आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याचा रिवाज यांमुळे कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले जाई. सुंता, शब्बाथ, खाद्यनियम आणि ‘शेमा’ ही श्रद्धेची घोषणा एवढे त्यांच्याजवळ टिकले होते. लिखित धर्मग्रंथ मात्र उरले नव्हते. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांकडून हिब्रू पठणाची रीत त्यांनी शिकून घेतली. याचा अर्थ असा की, एलियटला जो पाठ आजोबा-पणजोबांकडून चालत आलेला वारसा म्हणून मिळतो, तो मराठी ज्यू मुलाला शिकून परत मिळवावा लागला. संपूर्ण समाजच जणू तेरा वर्षांचा होता आणि आपला पाठ नव्याने गिरवीत होता.

या गिरवण्यात मराठी भाषेने बजावलेली भूमिका आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, परंतु त्या व्याकरणाच्या साहाय्याने लोक आपल्याच धर्मग्रंथाकडे अधिक जवळून गेले. इतिहासात असे विपरीत उपकार होत असतात. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली. केहिमकरांनी लिहिलेला बेने इस्रायलींचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला.

यांत ‘हग्गादा’चे मराठी भाषांतर विशेष लक्षणीय होय. पेसाहच्या रात्री घरातील सर्वजण एकत्र बसून इजिप्तच्या दास्यातून झालेल्या मुक्तीची कथा ज्या ग्रंथातून वाचतात तो हग्गादा. तो हिब्रू मजकुरासह मराठीत १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाला. १८७४ मध्ये पुण्यात सचित्र आवृत्ती निघाली, तिच्यातील काही चित्रांत सणाची तयारी करणाऱ्या स्त्रिया भारतीय वेशात दिसतात. या रात्रीच्या विधीचा प्रारंभ घरातील सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नांनी होतो. ही रात्र इतर रात्रींहून निराळी का, असे तो विचारतो, आणि त्याला उत्तर देणे हेच मोठ्यांचे धर्मकर्तव्य ठरते. म्हणजे ज्यू धर्मात मूल आणि मोठी माणसे यांच्यामधील बोलण्याचे दोन विधी आहेत. एकात मूल विचारते आणि मोठे उत्तर देतात. दुसऱ्यात मूल म्हणते आणि मोठे ऐकतात. हा पहिला विधी नीट झाला असेल तरच दुसऱ्याला अर्थ राहतो. एलियटच्या घरात पहिला केव्हाच बंद पडला आहे. रीटा त्याच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. ती त्याला केस कापून यायला सांगते. उलट, एकोणिसाव्या शतकातील बेने इस्रायलींनी हग्गादा मराठीत आणला तेव्हा मुलाचा प्रश्न त्याला स्वतःला कळेल आणि आजीला उत्तर कळेल, अशी सोय त्यांनी केली. भाषांतराचा विचार आपण बहुधा वाचकाच्या संदर्भात करतो. येथे भाषांतर झाले ते श्रोत्यासाठी.

कीर्तनाच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट होते. १८८० मध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत बेने इस्रायली कीर्तनाचा प्रारंभ केला. हिंदू कीर्तनांच्या धर्तीवर ओवी, साकी, दिंडी, आर्या अशा ओळखीच्या छंदांत अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा सांगितल्या जाऊ लागल्या. नारदीय कीर्तनाचे शास्त्र ज्यांना माहीत आहे त्यांना हे सांगावयास नको की कीर्तनात श्रोता हा निष्क्रिय प्रेक्षक नसतो. तो टाळ्यांनी, ध्रुपदाने, हुंकाराने भाग घेतो. तो नसेल तर कीर्तन होतच नाही. सिनेगॉगमधील हिब्रू पाठ अर्थ न समजताही पूर्ण होऊ शकतो. मराठी कीर्तन अर्थ न समजता होऊच शकत नाही. त्यातही योसेफाच्या कथेकडे पाहिले तर ती वयात येण्याचीच कथा आहे. भावांनी ज्याचे ऐकून घेतले नाही, खड्ड्यात टाकले, विकले, तो मुलगा परदेशी मोठा होतो आणि अखेर त्याच भावांची विनवणी त्याच्या पुढ्यात येते. ऐकून न घेतलेला मुलगा एक दिवस ऐकणाऱ्याच्या आसनावर बसतो. रोझेंथल यांच्या नाटकाला असा काही पूर्वज शोधावयाचा असेल तर तो येथे सापडेल.

बेने इस्रायली कुटुंबे कोकणाबाहेर पडली ती प्रामुख्याने सैन्य, रेल्वे, पोस्ट, कस्टम यांच्या नोकऱ्यांमुळे. बदलीच्या नोकरीचे गाव म्हणजे काय, हे भुसावळच्या वाचकास समजावून द्यावे लागत नाही. जंक्शनभोवती वाढलेल्या गावात प्रत्येक समाजाची चार-दोन घरे असतात आणि प्रत्येक समाजाला आपला सण अपुऱ्या माणसांनिशी साजरा करावा लागतो. सिनेगॉगपासून शेकडो मैल दूर असलेल्या कुटुंबाला दहा पुरुष जमविणे म्हणजे काय असेल याची कल्पना करावी. अशा ठिकाणी मुलाला तेरा वर्षे पूर्ण होणे ही मेजवानीची बाब राहत नाही. नऊचे दहा होण्याची बाब होते. लंडनमधील एलियट निघून गेला तरी सभा भरलेलीच राहते. त्याची कोणाला गरज नाही, आणि कदाचित त्याच्या रुसण्याचे खरे कारण हेच असावे. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायली इस्रायलला गेले. मागे राहिलेल्या पेण, अलिबाग, रेवदंडा येथील प्रार्थनास्थळांत दहाची संख्या हा दररोजचा प्रश्न बनला.

जे गेले त्यांना तेथे वेगळ्या परीक्षेला सामोरे जावे लागले. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी-मंडळाने बेने इस्रायलींच्या विवाहाआधी त्यांच्या वंशावळीची चौकशी करण्याचे निर्देश काढले. आपण पूर्ण ज्यू आहोत की नाही हे सिद्ध करण्याची पाळी शतकानुशतके शब्बाथ पाळणाऱ्यांवर आली. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये त्यांनी आंदोलन केले, संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि निर्देशांमधून या समाजाचे नाव वगळण्यात आले. सभा भरली आहे, पाठ येत आहे, परंतु परीक्षक बसले आहेत ते ऐकावयास नव्हे. एका समाजाने हा अनुभव सामूहिक पातळीवर घेतला. त्यावर मराठीत एखादे नाटक झाले असते तर ते ‘बार मित्झ्वा बॉय’च्या शेजारी ठेवून वाचता आले असते.

(४)

याच समाजातील निस्सिम इझिकेल (१९२४–२००४) इंग्रजीत लिहीत राहिले. वडील मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई शाळा चालविणारी. ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ ही त्यांची आत्मचरित्रात्मक कविता ‘हिम्स इन डार्कनेस’ या १९७६ च्या संग्रहात आहे. म्हणजे रोझेंथल यांचे नाटक आणि हा संग्रह एकाच वर्षी लोकांसमोर आले. कवितेतील मुलगा कॅथॉलिक शाळेत जातो, निरनिराळ्या धर्मांच्या मुलांकडून मार आणि टोमणे खातो. शुक्रवारच्या रात्री घरात प्रार्थना होतात. त्या त्याच्या कानांवरून जातात, आत पोहोचत नाहीत. तेल गाळणाऱ्या पूर्वजांचा उल्लेखही कवितेत येतो. इझिकेल यांचा सूर कोरडा आहे, स्वतःवर हसणारा आहे. एलियट निदान चिडून निघून जातो. हा मुलगा निघूनही जात नाही, कारण जेथून जावे अशी सभाच त्याच्याभोवती नाही. त्याच्याजवळ लेस्ली नाही. म्हणूनच की काय, ती जागा कवितेला घ्यावी लागली. इझिकेल यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद केले (१९७४), हे या संदर्भात सहज आठवते. आपला पाठ इंग्रजीत म्हणणारा हा कवी मराठी स्त्रीचा शब्द मात्र काळजीपूर्वक ऐकत होता.

खानदेशातील अभ्यासकाला यानंतर ‘कोसला’ (१९६३) आठवल्यावाचून राहणार नाही. भालचंद्र नेमाडे यांचा पांडुरंग सांगवीकर आणि रोझेंथल यांचा एलियट यांच्यात बाह्यतः काहीच साम्य नाही. एक तेरा वर्षांचा लंडनमधील मुलगा, दुसरा यावल तालुक्यातील सांगवीहून पुण्याच्या महाविद्यालयात गेलेला शेतकऱ्याचा तरुण. परंतु दोघांच्याही मुळाशी बाप आहे. पांडुरंगचा बाप गावातला वजनदार, कर्ता माणूस. त्याच्यासारखे होणे हाच गावाच्या दृष्टीने मोठे होण्याचा अर्थ. पांडुरंग ते नाकारतो आणि नाकारून काही मिळवीतही नाही. परीक्षेत नापास होणे, पैसे उडविणे, वसतिगृहातील उचापती हे सर्व त्याचे सभेतून निघून जाणेच होय. फक्त ते एका सकाळीत आटोपत नाही, काही वर्षे चालते. आणि दोन्ही कृतींत बहीण आहे. मनीच्या देवीने झालेल्या मृत्यूनंतर पांडुरंगच्या जगण्यातील जो आधार निखळतो त्याची चर्चा मराठी समीक्षेने अस्तित्ववादाच्या अंगाने पुष्कळ केली. ती चर्चा योग्यच आहे. परंतु ‘बार मित्झ्वा बॉय’ वाचल्यानंतर त्याच प्रसंगाकडे निराळ्या रीतीने पाहता येते. लेस्ली मैदानात एलियटला शोधत येते. पांडुरंगला शोधत येणारी मनी उरत नाही. एलियटचा पाठ एका सकाळीत पुरा होतो आणि तो घरी परततो. पांडुरंगही सांगवीला परततो, पण आपला पाठ कोणासमोर म्हणावा हे न कळल्यामुळे तो कादंबरीभर वाचकालाच ऐकवीत बसतो. त्या कादंबरीची ती विलक्षण बोलकी, थट्टेखोर, मध्येच कोसळणारी निवेदनशैली कोणत्या गरजेतून आली असावी, याचे एक स्पष्टीकरण येथे मिळू शकते.

येथे जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचे अस्तित्वच मुळी मुलाच्या ऐकण्यामुळे टिकले. सोपानदेवांनी ती टिपून ठेवली नसती तर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांना छापण्यासारखे काही सापडलेच नसते. एलियटच्या घरी जे उलटे घडावयास हवे होते, ते खानदेशातील एका शेतकरी घरात आई आणि मुलगा यांच्यामध्ये सहज घडून गेले होते. त्यासाठी कोणाला तेराव्या वर्षाची वाट पाहावी लागली नाही.

पदव्युत्तर वर्गात हे नाटक शिकवावयाचे झाल्यास संहिता पुस्तकरूपाने उपलब्ध आहे आणि ती वाचणे पुरेसे होईल. विद्यार्थ्यांना ज्यू कर्मकांडाची माहिती देण्यात फार वेळ घालवू नये. तेवढी नाटकच देते. त्याऐवजी सिनेगॉगमधील प्रसंग आणि मैदानातील प्रसंग शेजारी ठेवून कोण बोलते, कोण ऐकते, कोण मोजले जाते आणि कोण मोजले जात नाही, एवढे चार प्रश्न विचारावेत. नंतर हेच प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरातील एखाद्या कार्याला लावून पाहावेत. मुलींच्या उत्तरपत्रिका मुलांच्या उत्तरपत्रिकांहून निराळ्या येतील.